तिचं नेहमीचं असणं

आधी एक मूल मनात आणा. आजाराचं नाव थोडा वेळ बाजूला राहू दे. मूल तुमचं असेल, बहिणीचं असेल, तुमच्या वर्गातलं असेल. बोलण्यापुरती आपण ती एक मुलगी आहे असं धरू. वय पंधरा. वाचताना घाई करू नका. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा आणि तिच्याकडे पाहा.

तिचं रोजचं असणं कसं आहे? रात्री किती वाजता झोपते, सकाळी किती हाका माराव्या लागतात? जेवताना बोलते की ताटात बघत जेवते? राग आला की दार आपटते की खोलीत जाऊन बसते, आणि तो राग संध्याकाळपर्यंत टिकतो की तासाभरात विरतो? हातात पैसे आले तर काय करते? पाहुणे आले की पुढे येते की आईच्या मागे राहते? सुचलेली गोष्ट तडीला नेते की अर्ध्यावर सोडते?

हे सगळं आपल्याला माहीत आहे असं आपण समजतो. डॉक्टर जेव्हा विचारतात, ‘पूर्वी कशी होती?’, तेव्हा बहुतेक आईवडील म्हणतात, ‘चांगली होती, हुशार होती.’ त्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. म्हणून इथे थोडा वेळ द्या. पुढचं सगळं तिच्या या नेहमीच्या असण्यावर उभं आहे.

बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी खिन्नता, ओळखायचा तो काळ बघून. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन हायडेलबर्गला असताना प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवत. रुग्ण घरी गेला आणि काही वर्षांनी परत आला, की त्याच कार्डावर पुढची नोंद होई. आज माणूस कसा दिसतो यापेक्षा त्याचा आजार वर्षानुवर्षं कोणत्या वाटेनं गेला, याला त्यांनी अधिक महत्त्व दिलं. त्यातूनच १८९९ साली त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात उन्माद आणि खिन्नता ही दोन टोकं एका आजाराखाली आणली. मधल्या काळात माणूस बहुधा पुन्हा पूर्वीसारखा होतो, हेही त्यांनी नोंदवलं. वयात येण्याआधी हा आजार क्वचित दिसतो. तो बहुतेकदा पहिल्यांदा डोकं वर काढतो ते पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात किंवा विशीच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा घरात दहावी-बारावी, कॉलेज, प्रवेश यांची धांदल असते आणि प्रत्येक बदलाला ‘वयच तसं आहे’ हे उत्तर तयार असतं.

आता त्या मुलीला पुन्हा समोर आणा. पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे. गेले चार दिवस ती रात्री दोनला झोपते आणि पाचला उठते. थकलेली मात्र नाही. इथे जरा रेंगाळा, कारण बहुतेक घरांत हीच खूण निसटते. झोप लागत नाही म्हणून तळमळणारी, सकाळी डोळे चुरचुरणारी मुलगी वेगळी. रात्री मोबाइल बघत जागणारी आणि रविवारी दुपारी बारापर्यंत झोपणारी मुलगीही वेगळी. ही तीन तास झोपून ताजीतवानी उठते. तिला झोपेची गरजच उरलेली नाही.

पहिले काही दिवस घरही खूश असतं. ‘अखेर अभ्यासाला लागली,’ असं आजी फोनवर सांगते. एरवी लाजणारी मुलगी पाहुण्यांशी भरभरून बोलते. मग बोलणं थांबेनासं होतं. एक विषय पुरा होण्याआधी दुसरा. ती चॅनेल काढणार आहे, वर्गातल्या सगळ्या मुलांना शिकवणार आहे, रात्री दोनला मुख्याध्यापिकांना लांबलचक मेसेज पाठवते. वडिलांच्या कार्डावरून मागवलेले खोके दारात येतात. अनोळखी मुलांशी ती अशा भाषेत बोलते की वाचणाऱ्या आईला घाम फुटतो. कुणी अडवलं तर भडकते. कधी ती सांगते, देवानं तिला काही कामासाठी निवडलं आहे. मग शेजारच्या काकू हळूच म्हणतात, बाहेरचं काही असेल, बघून घ्या.

देवाचं करायचं असेल ते करा, त्यात कुणाला दुखवायचं कारण नाही. डॉक्टरांची भेट मात्र त्यासाठी लांबवू नका. किशोरवयातल्या उन्मादात भास आणि भ्रम बऱ्याचदा येतात, इतके की अनुभवी डॉक्टरांनाही सुरुवातीला हा स्किझोफ्रेनिया वाटू शकतो. तेव्हाही उलगडा होतो तो पुढचे महिने पाहूनच.

अशी स्थिती निदान सात दिवस, दिवसातला बहुतेक वेळ टिकली, किंवा त्याआधीच रुग्णालयात न्यावं लागलं, तर डॉक्टर तिला मेनिया, म्हणजेच उन्माद, म्हणतात. तिचंच सौम्य रूप चार दिवस टिकलं तर हायपोमेनिया. या आकड्यांच्या मागचा प्रश्न मनात ठेवा: ही मुलगी स्वतःच्या नेहमीच्या असण्यापासून, सगळ्या बाजूंनी एकाच वेळी, काही दिवस सलग दूर गेली आहे का?

हा प्रश्न विचारायचा राहून गेला की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथे १९९० च्या दशकात काही नामवंत मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलं की मुलांमधला मेनिया मोठ्यांसारखा नसतो. त्यात आनंदाचे चढ कमी आणि सततची तीव्र चिडचिड जास्त. ही मांडणी झपाट्यानं पसरली, कारण त्या मुलांचे आईवडील खरोखर हतबल होते. मुलं वस्तू फोडत होती, भावंडांना मारत होती, आणि कुणाकडे धड उत्तर नव्हतं. वीस वर्षांखालच्या रुग्णांच्या ज्या भेटींत बायपोलरचं निदान नोंदलं गेलं, त्या १९९४-९५ मध्ये एक लाख लोकसंख्येमागे सुमारे २५ होत्या. २००२-०३ पर्यंत त्या सुमारे १,००३ झाल्या. आठ वर्षांत चाळीस पट. मुलांचे मेंदू आठ वर्षांत असे बदलत नाहीत.

वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एलेन लायबनलुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांना दोन गटांत पाहायला सुरुवात केली. एका गटात चढउताराचे स्पष्ट एपिसोड असलेली मुलं. दुसऱ्या गटात बारा महिने चिडलेली, मध्ये चांगला काळ नसलेली मुलं. या दुसऱ्या गटातली मुलं मोठी झाल्यावर त्यांना प्रामुख्यानं नैराश्य आणि चिंतेचे विकार झालेले दिसले. बायपोलर फार थोड्यांना झाला. २०१३ साली अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत या मुलांसाठी डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर असं वेगळं निदान आलं. दरम्यान हजारो मुलांनी बायपोलरचं नाव धारण करून, वजन आणि साखर वाढवणारी औषधं घेत बालपण काढलं होतं.

नदीचं पाणी एका दिवशी बघून पूर आला आहे की तिची पातळीच एवढी आहे, ते सांगता येत नाही. काठावर राहणाऱ्यालाच ते कळतं. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असलेलं मूल पहिलीपासून चुळबुळं असतं आणि यंदाही तसंच असतं. घरातल्या भांडणांनी, मारानं किंवा छळानं पोळलेलं मूलही भडकतं, झोपत नाही, पण त्याच्या भडकण्याला बहुधा ठिकाण आणि माणूस असतो. तुमच्या मनात असलेल्या मुलाची चिडचिड पातळी आहे की पूर? उत्तर आत्ताच द्यायला हवं असं नाही. पुढचे काही आठवडे नीट बघा.

अमेरिकेत मुलांवर नाव लवकर चिकटलं. आपल्याकडे मला भीती वाटते ती उलट गोष्टीची: खरोखर आजारी असलेलं मूल वर्षानुवर्षं ‘लाडावलेलं’, ‘नाटकी’, ‘वाया गेलेलं’ म्हणून वाढतं. दोन्हीकडे चूक एकच होते. मूल समोर असतं, पण त्याचा काळ कुणी पाहिलेला नसतो.

आता उतार. इथे श्वास सावकाश घ्या, कारण हा भाग जड आहे. किशोरवयीन मुलांत हा आजार बऱ्याचदा आधी नैराश्याच्या रूपात येतो. दोन आठवडे किंवा अधिक काळ ती उठत नाही, केस विंचरत नाही, आवडती मालिका लावत नाही. पुस्तक उघडं असतं आणि पान उलटत नाही. अशा वेळी डॉक्टरांना एकच गोष्ट दिसते, डिप्रेशन. मधले ते चार ‘छान’ दिवस घरानं सांगितलेच नाहीत, तर त्यांना कळणार कसे? ते सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण बायपोलर असलेल्या मुलीला नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं तर ते तिला मेनियाकडे ढकलू शकतं. कुटुंबात कुणाला हा आजार होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हेही डॉक्टर विचारतात. ‘तसं काही नाही’ असं म्हणण्याआधी त्या मामांची, त्या आत्याची आठवण करा, ज्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

कधी दोन्ही टोकं एकत्र येतात. मन काळंकुट्ट आणि अंगात प्रचंड ऊर्जा. ही मिश्र अवस्था सगळ्यात धोक्याची, कारण नैराश्यात जे करायला बळ नसतं ते इथे असतं. तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला जागा मिळते. घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, शेतघर असेल तर कीटकनाशकंही. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

निदान झालं की घरात पहिला प्रश्न उठतो, कुणाच्या बाजूनं आलं? या प्रश्नाजवळ थोडं बसा. तो तुमच्याही मनात असेल. आनुवंशिकतेचा वाटा या आजारात मोठा आहे, हे खरं. तरीही आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तो असेल, तर शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना तो होतो. म्हणजे बहुतेकांना होत नाही. आणि ज्यांना होतो त्यांच्या घरात बरेचदा मागच्या पिढीत कुणालाच निदान झालेलं नसतं. तुम्ही तिला जास्त ओरडलात म्हणून, नोकरी केलीत म्हणून, पाळणाघरात ठेवलंत म्हणून हे झालेलं नाही. ही अपराधी भावना बाळगून तुम्ही तिच्या कामाला येऊ शकणार नाही.

औषधांकडे येऊ. लिथियम हा जमिनीत, खडकांत, समुद्राच्या पाण्यात सापडणारा साधा धातू. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार दिले आणि १९४९ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांचा पहिला रुग्ण पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही महिन्यांत तो घरी गेला, कामाला लागला. पण १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेनं गेला. रक्तातलं लिथियम नियमित मोजण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. आज तुमच्या मुलीला रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी सुई टोचून घ्यावी लागते ती म्हणूनच. ‘पुन्हा रक्त?’ असं ती वैतागून विचारेल, तेव्हा तिला त्या माणसाची गोष्ट सांगा. पंधरा वर्षांच्या मुलीला खरं कारण दिलं तर ती बहुधा समजून घेते.

आपल्या घरांत या गोळीशी कसं राहायचं, त्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, खेळाच्या सरावात गळलेला घाम, मीठ अचानक तोडणं, हरितालिकेचा निर्जळी उपास, रोजे, या सगळ्यांत डॉक्टरांना आधी विचारायला हवं. डोकं किंवा पाळीत पोट दुखलं म्हणून घरात पडलेली आयबुप्रोफेनची गोळीसुद्धा ही पातळी वाढवते. बोटांना हलका कंप नेहमीचा असतो. चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या आणि जोरात थरथरणं दिसलं तर लगेच निघा. थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणीही ठरलेल्या वेळी होत राहायला हवी.

लिथियम एकटंच नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उन्माद असलेल्या मुलांना रिसपेरिडोन, लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट दिलं गेलं. आठ आठवड्यांत रिसपेरिडोनवरची ६८.५ टक्के मुलं सुधारली, लिथियमवरची ३५.६ टक्के, व्हॅल्प्रोएटवरची २४ टक्के. पण रिसपेरिडोननं वजन जास्त वाढलं, आणि पंधराव्या वर्षी आरशात दिसणारं वजन ही लहान गोष्ट नसते. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात गर्भाला इजा करतं, म्हणून मुलींच्या बाबतीत ते शक्यतो टाळलं जातं; ‘अजून लहान आहे’ म्हणून हा विषय टाळू नका.

ती एक दिवस गोळ्या बंद करेल, ही शक्यता मनात धरून चला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांना शाळेच्या शेवटच्या वर्षी या आजारानं पहिल्यांदा गाठलं. पुढे त्या याच आजाराच्या अभ्यासक झाल्या, आणि तरीही अनेकदा लिथियम सोडून बसल्या. त्यात त्यांचा जीव जाता जाता वाचला. हे सगळं त्यांनी १९९५ मध्ये पुस्तकात उघडपणे लिहिलं. इतकं जाणणाऱ्या बाईला गोळी सोडावीशी वाटली, तर तुमच्या मुलीला वाटेल यात नवल नाही. चढाच्या दिवसांत जग लखलखीत होतं, कल्पना धावत येत होत्या, लाज नव्हती. ते दिवस तिला आठवतात. ‘मला तेव्हा खूप छान वाटायचं,’ असं ती म्हणाली तर तिला तोडू नका. काय छान वाटायचं ते ऐकून घ्या. त्या दिवसांत तिनं पाठवलेले मेसेज, वर्गात केलेलं बोलणं, हेही तिला आठवतं. शाळेत परत पाऊल टाकताना ती तीच लाज घेऊन जाते. त्याबद्दल तिला स्वतःहून बोलावंसं वाटेपर्यंत घरात तो विषय काढू नये, आणि चिडवण्यासाठी तर कधीच नाही.

घराचा आवाज कसा आहे, हेही थोडं ऐका. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी अमेरिकेत कुटुंबाला सोबत घेऊन करायची उपचारपद्धत विकसित केली: आजार समजून घेणं, बोलण्याची सवय बदलणं, अडचणी मिळून सोडवणं. २०२० च्या त्यांच्या अभ्यासात ९ ते १७ वयाची, कुटुंबात बायपोलर असलेली आणि स्वतः लक्षणं सुरू झालेली १२७ मुलं होती. सुरुवातीच्या त्रासातून बाहेर यायला ही पद्धत मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला. पण ज्यांच्या घरच्यांनी मिळून बारा बैठका केल्या, त्यांचा पुढच्या एपिसोडआधीचा बरा काळ लांबला. लांबलेला बरा काळ म्हणजे एक सहामाही परीक्षा नीट देता येणं, एक मैत्री टिकणं.

बरा काळ लांबवायला घरात करता येण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे झोप. एका रात्रीचं जागरणही कधी चढाला सुरुवात करून देतं. गणपतीच्या आरत्या, नवरात्रातला गरबा, घरचं लग्न, रात्रीची बस, परीक्षेआधीची जागरणं. हे सगळं तिच्यापासून तोडायचं नाही. गरब्याला जाऊ दे, अकराला परत येऊ दे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठू दे. नातेवाइकांना कारण सांगायचं की नाही, ते तिला विचारून ठरवा.

आता एक बारीक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलते. निदानानंतर काही महिन्यांनी ती फोनवर मैत्रिणीशी बोलताना मोठ्यानं हसते आणि स्वयंपाकघरात आईचा हात थांबतो. वडील टीव्हीचा आवाज कमी करतात. ‘गोळी घेतलीस ना?’ असा प्रश्न येतो. ती हसणं आवरते. असं अनेकदा झालं की ती घरात हसायचंच सोडते, आणि रागही गिळू लागते, कारण तिच्या प्रत्येक भावनेला आता आजाराचं नाव आहे. तुमच्या भीतीला कारण आहे. पण पंधराव्या वर्षी मोठ्यानं हसणं, प्रेमात पडणं, आईशी भांडणं हे तिचंही हक्काचं आहे. अशा वेळी तिच्या नेहमीच्या असण्याची ती सगळी माहिती आठवा: काल किती झोपली, बोलताना थांबते का, भूक कशी आहे. झोप नीट असेल, हसणं तासाभरात ओसरत असेल, तर तिला हसू द्या. आणि विचारायचंच असेल तर विचारा, ‘काय झालं गं एवढं हसायला?’

यासाठी नोंदवही उपयोगी पडते. तारीख, झोपेचे तास, मूड, गोळी, काही विशेष. ती तिनं स्वतः लिहावी आणि कुणाला दाखवायची ते तिनं ठरवावं. शाळेशी बोलताना हे ध्यानात असू द्या की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. आजारपणातली गैरहजेरी, परीक्षेतली अडचण याबद्दल बोलणं म्हणजे दया मागणं नव्हे. वर्गशिक्षिकेला किती सांगायचं, हेही तिच्याशी आधी ठरवून घ्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत आईवडील किंवा पालक हेच तिचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात. त्यानंतर तो प्रतिनिधी निवडायचा, आणि आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत हे आधी लिहून ठेवायचा अधिकार तिचा. तीन वर्षांनी जे तिला एकटीनं ठरवायचं आहे, त्याचा सराव आत्तापासून होऊ दे. पुढच्या भेटीला डॉक्टरांना सांगून आधी दहा मिनिटं तिला एकटीला आत पाठवा. वही तिच्याकडेच राहू दे. मग तुम्ही जा आणि तुम्ही पाहिलेले दिवस सांगा.